कालवा-नौकेचा पंखा आणि त्यात अडकणारा कचरा : इंग्लंडमधील अंतर्गत जलवाहतुकीच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीच्या इतिहासात इंग्लंडमधील कालव्यांना मानाचे स्थान आहे. ते कोणी खोदले, त्यांसाठी भांडवल कोठून आले, कोळशाचे भाव त्यांमुळे किती उतरले आणि रेल्वेने पुढे त्यांचा व्यवसाय कसा हिरावून घेतला, या प्रश्नांवर विपुल लेखन झाले आहे. तथापि कालवा एकदा खोदला म्हणजे तो कायम चालता राहतो, असे मात्र नाही. काठ ढासळतात, तळाशी गाळ साचतो, पाण्यात तण माजते आणि वस्तीतला टाकाऊ माल पाण्यात येऊन पडतो. या सर्वांशी रोजची झुंज ज्यांनी दिली त्यांची दखल इतिहासलेखनात अभावानेच आढळते. शोध लावणारा लक्षात राहतो. लागलेला शोध चालू ठेवणारा विस्मरणात जातो.

नौकेच्या पंख्यात म्हणजे प्रोपेलरमध्ये अडकलेला कचरा काढणे, हे या देखभालीतील सर्वांत क्षुल्लक वाटणारे काम होय. या एका कामाच्या आधारे इंग्लंडमधील कालव्यांच्या सुमारे दोन शतकांच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. पंख्यात काय अडकले, ते कोणी काढले आणि त्यासाठी लागलेल्या वेळेचे व श्रमाचे मोल कोणी चुकते केले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून कालव्याचा आणि त्याच्या काठच्या समाजाचा संबंध कसा पालटत गेला, हे स्पष्ट होते.

घोडा, दोर आणि काठ

ब्रिजवॉटरच्या ड्यूकने वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला पोहोचवण्यासाठी बांधलेला कालवा १७६१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्यानंतर मध्य इंग्लंडमध्ये कालव्यांचे जाळे वेगाने पसरले. १७७७ मध्ये पूर्ण झालेल्या ट्रेंट अँड मर्सी कालव्यावर पाणी चढवण्या-उतरवण्याची जी कुंडे म्हणजे लॉक बांधली गेली, त्यांपैकी बहुतेक जेमतेम सात फूट रुंद होती. या एका मापाने पुढील सर्व इतिहास बांधून टाकला. सुमारे सत्तर फूट लांब आणि सात फुटांहून किंचित कमी रुंद अशी ‘नॅरोबोट’ ही त्या मापाचीच निर्मिती होय.

प्रारंभीची शंभर-सव्वाशे वर्षे या नौका घोड्यांनी ओढल्या. काठावरच्या पायवाटेने चालणारा एक घोडा पंचवीस-तीस टन माल सहज ओढून नेत असे. तोच घोडा पाठीवर ओझे घेऊन चालला तर त्याची क्षमता काही मणांपुरती मर्यादित राही. घोड्याने ओढलेल्या नौकेला पाण्याखाली फिरणारा कोणताही भाग नव्हता. तळाशी काय पडले आहे याची तिला फारशी तमा बाळगावी लागत नसे. तिचा तळ सपाट असे आणि पाण्यातील चिंधी, फांदी वा दोरखंड तिच्याखालून निमूटपणे सरकून जाई. अडचण उद्भवे ती पाण्याबाहेर : ओढीचा दोर झुडपात अडके किंवा पुलाच्या कोपऱ्याला घासे. जुन्या पुलांच्या कडांवर दोरांनी पाडलेल्या खोल खाचा आजही पाहावयास मिळतात. घोड्याच्या काळात घर्षणाची जागा काठ ही होती; पंख्याच्या काळात ती पाण्याखाली गेली आणि म्हणून दृष्टीआड झाली.

पंख्याचा कालव्यात प्रवेश

कालव्यावर यांत्रिक शक्ती आणण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले होते. विल्यम सिमिंग्टन याने बांधलेल्या ‘शार्लट डंडास’ या वाफेच्या नौकेने १८०३ मध्ये स्कॉटलंडमधील फोर्थ अँड क्लाइड कालव्यावर प्रत्येकी सत्तर टनांचे दोन पडाव सुमारे साडेएकोणीस मैल ओढून नेले. नौकेच्या मागील अंगाला बसवलेल्या एका वल्हेचाकाने ती चालत असे. प्रयोग यशस्वी झाला, तरी चाकाने उठणाऱ्या लाटांनी काठ ढासळतील या भीतीने तो पुढे नेला गेला नाही. कालव्याचे काठ आणि तळ मळलेल्या चिकणमातीच्या थराने पाणी धरून ठेवत. तो थर फुटला तर कालवाच रिता होण्याचा धोका होता. यंत्र आणि कालवा यांचा संघर्ष असा पहिल्याच पावलाला प्रकट झाला.

मळसूत्री पंख्याची कथाही एका कालव्यापाशी येऊन ठेपते. हेंडन येथील शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ च्या मे महिन्यात आपल्या मळसूत्राचे पेटंट घेतले. जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने त्याच वर्षी जुलैमध्ये आपले स्वतंत्र पेटंट नोंदवले. स्मिथने सहा टनांची एक छोटी नौका बांधून लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यावर तिच्या चाचण्या घेतल्या. तिचे मळसूत्र लाकडी असून त्याला दोन पूर्ण वेढे होते. १८३७ च्या फेब्रुवारीत चाचणी चालू असताना त्यातील एक वेढा मोडून पडला. नौका थांबेल अशी अपेक्षा असता तिचा वेग ताशी सुमारे चार मैलांवरून आठ मैलांवर गेला. लांब मळसूत्रापेक्षा आखूड पंखा अधिक कार्यक्षम असतो, हे तत्त्व या मोडतोडीतून हाती आले. पुढे स्मिथच्या पंख्यावर चालणारे ‘आर्किमिडीज’ हे जहाज बांधले गेले, ब्रुनेलने ते पाहून आपल्या ‘ग्रेट ब्रिटन’ जहाजाला पंखा बसवला आणि सागरी वाहतुकीचे रूप बदलले. महासागर पार करणाऱ्या यंत्राची एक निर्णायक चाचणी अशा रीतीने कालव्याच्या उथळ पाण्यात पार पडली होती.

असे असूनही कालव्यांवर पंख्याचा प्रसार मंद गतीने झाला. सात फुटांच्या लॉकमध्ये बाजूला वल्हेचाके बसवणे अशक्यच होते. तेथे नौकेच्या मागे, पाण्याखाली दडणारा पंखा हाच व्यवहार्य उपाय होता. परंतु बाष्पक, यंत्र आणि कोळसा यांनी मालाची जागा व्यापली जाई. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या वाहतूक कंपनीने वाफेच्या नॅरोबोटी दीर्घकाळ चालवल्या; १९०९ मध्ये बांधलेली तिची ‘प्रेसिडेंट’ ही नौका आजही जतन केलेली आहे. मात्र खरा बदल १९१२ पासून झाला. त्या वर्षी या कंपनीने ‘लिंडा’ नावाच्या नौकेवर बोलिंडर हे स्वीडिश बनावटीचे एकसिलिंडरी तेल-इंजिन बसवले. त्यानंतर इंजिनाची एक नौका पुढे आणि बिनइंजिनाची दुसरी तिच्या मागे, अशी जोडी हे वाहतुकीचे प्रमुख रूप बनत गेले. घोडा हळूहळू काठावरून नाहीसा झाला आणि पंखा पाण्याखाली स्थिरावला.

अडकण्याची क्रिया

पंख्यात वस्तू का अडकते, हे समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहासाचा अर्थ लागणार नाही. फिरणारा पंखा पुढचे पाणी आपल्याकडे खेचतो आणि मागे फेकतो. खोल समुद्रात हे पाणी चहूबाजूंनी येते. कालव्यात मात्र पंखा आणि तळ यांच्यामधले अंतर कित्येकदा वीतभरच असते. त्यामुळे तळावर पडलेली वस्तू पाण्याबरोबर वर उचलली जाते. आखूड आणि कठीण वस्तू पात्यावर आपटून बहुधा दूर फेकली जाते. लांब आणि लवचिक वस्तूचे एक टोक पात्यात गुंतते व पुढची लांबी दांड्याभोवती गुंडाळली जाते. चातीवर सूत चढावे तसा प्रत्येक फेऱ्यासरशी एक वेढा चढतो आणि आधीच्या वेढ्याला आवळतो. दोरी, कापड, तार व तण या चारही वस्तू या एका गुणामुळे पंख्याच्या शत्रू ठरल्या. नायलॉन किंवा प्लास्टिक असेल तर घर्षणाच्या उष्णतेने ते वितळून दांड्याभोवती टणक कडे तयार होते. असे कडे चाकूने निघत नाही, करवत लागते.

अनुभवी नावाड्याला याची चाहूल तत्काळ लागे. इंजिनाचा आवाज जड होतो, धुराडे काळवंडते, सुकाणूचा दांडा हातात थरथरतो आणि मागे पाणी नुसतेच खदखदते; नौका मात्र पुढे सरत नाही. पहिला उपाय म्हणजे पंखा क्षणभर उलटा फिरवणे. शरद ऋतूत गळून पडलेल्या पानांचा थर असा एका उलट फेऱ्याने सुटतो. कापड वा तार असेल तर नौका काठाला लावून हातानेच ती काढावी लागते. पुलाखालच्या अरुंद जागेत कचरा हमखास साचलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी गिअर सोडून, पंखा न फिरवता केवळ आधीच्या वेगावर नौका तरंगत पुढे नेण्याची रीत रूढ झाली. ही सर्व विद्या अनुभवातून एका पिढीने दुसरीला दिली. तिचे पाठ्यपुस्तक नव्हते. पंख्यात गुंतलेल्या ऐवजाला नावाडी ‘ब्लेडफुल’, म्हणजे पातीभर माल, असे उपरोधाने म्हणत.

तण : पहिला परका पाहुणा

पाण्यातील अडथळ्यांमध्ये कालानुक्रमे वनस्पतींचा विचार प्रथम करावा लागतो. एलोडिया ही उत्तर अमेरिकेतील पाणवनस्पती १८४२ मध्ये स्कॉटलंडच्या सीमेनजीक डन्स येथील तळ्यात आढळली. १८४७ मध्ये ती मध्य इंग्लंडमधील कालव्यात दिसली आणि पुढील काही वर्षांत नद्या, कालवे व पाट तिने भरून गेले. पूर्व इंग्लंडमधील ईली येथील विल्यम मार्शल याने १८५२ मध्ये या ‘नव्या पाणतणा’वर एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये या वनस्पतीची बहुतांश मादी झाडेच आढळतात. म्हणजे बी धरून ती पसरलेली नाही. तिचा प्रसार तुकड्यांतून होतो. तुटलेल्या प्रत्येक कांडीला मुळे फुटतात.

या जैविक वस्तुस्थितीचा कालव्याच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. कालव्यांच्या जाळ्याने पूर्वी परस्परांपासून अलग असलेली नद्यांची खोरी एकमेकांना जोडली होती. माल जसा एका खोऱ्यातून दुसऱ्यात गेला तशी कांडीही गेली. पुढे पंखे आल्यावर तण कापणारे यंत्रच तणाची लागवड करू लागले. एलोडियाचा जोर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोआप ओसरला. परंतु असा प्रसंग तेथेच संपला नाही. शोभेच्या तळ्यांसाठी विकली जाणारी तरंगती पेनीवर्ट ही वनस्पती १९९० च्या सुमारास एसेक्समधील पाण्यात मोकळी वाढताना आढळली. तिच्या विक्रीवर २०१४ मध्ये बंदी घालण्यात आली. दोन्ही प्रसंगांत हौसेने आणलेल्या रोपाची किंमत ते आणणाऱ्याने नव्हे, तर पाण्यावर पोट असणाऱ्याने चुकती केली.

नावाडी कुटुंबे आणि युद्धकाळ

इंजिनाच्या जोडनौकेवर सहसा एक कुटुंब राहत असे. मागच्या बाजूची दहा फुटांहूनही लहान खोली हेच त्यांचे घर होते. नवरा इंजिनाच्या नौकेवर, बायको मागच्या नौकेच्या सुकाणूवर आणि मुले लॉकचे दरवाजे उघडण्यास पुढे, अशी कामाची वाटणी असे. मोबदला खेपेवर व टनांवर ठरे. याचा अर्थ पंख्यात तार अडकून गेलेले दोन तास कंपनीच्या हिशेबात कोठेच दिसत नसत. ते कुटुंबाच्या झोपेतून किंवा पुढच्या खेपेतून वजा होत. बोलिंडर इंजिनाची एक विशेष अडचण होती. एकदा ते पूर्ण थंड झाले की त्याचा माथा फुंकदिव्याने तापवल्यावाचून पुन्हा सुरू होत नसे. त्यामुळे पंखा साफ करण्यासाठी इंजिन बंद करणे हा निर्णयही नावाड्याला तोलूनमापून घ्यावा लागे.

या कामकरी नौकांपैकी बहुतेकींच्या पंख्यावर उघडता येणारी झडप नव्हती. मागच्या टोकावरून ओणवे होऊन, लांब काठीला लावलेल्या आकड्याने चाचपडत ऐवज ओढून काढणे हाच मार्ग होता. मागचा भाग पाण्यात खोल बसलेला असे आणि पाणी गढूळ, त्यामुळे काम डोळ्यांनी नव्हे तर हाताच्या अंदाजानेच चाले. थंडीच्या दिवसांत हे किती कष्टाचे असेल, याची कल्पना करता येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या श्रमाची लिखित साक्ष प्रथमच निर्माण झाली. मनुष्यबळाच्या टंचाईमुळे १९४२ पासून ग्रँड युनियन कालव्यावर स्त्रियांना नौका चालवण्याचे शिक्षण देण्याची योजना राबवली गेली. तिघीतिघींचे गट लंडनहून धातू वगैरे माल घेऊन बर्मिंगहॅमला जात आणि कोव्हेंट्रीच्या परिसरातला कोळसा घेऊन परतत. जोडीवर सुमारे पन्नास टन माल असे. त्यांच्या बिल्ल्यावरील ‘इनलँड वॉटरवेज’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयडल विमेन’, म्हणजे आळशी बायका, असे थट्टेने म्हटले गेले. त्यांच्यापैकी सुसान वुल्फिट यांचे पुस्तक १९४७ मध्ये, एमा स्मिथ यांचे १९४८ मध्ये आणि प्रशिक्षक म्हणून काम केलेल्या आयली गेफर्ड यांचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पिढीजात नावाडी कुटुंबांतील बहुसंख्य स्त्री-पुरुषांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी शंभर वर्षे जे केले त्याची नोंद त्यांच्या हातून झाली नाही. सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रिया त्या कामात उतरल्या तेव्हा ते काम कागदावर आले. मौखिक परंपरेतील श्रम आणि लिखित इतिहास यांतील ही दरी इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

उपेक्षा आणि पुनरुज्जीवन

१ जानेवारी १९४८ रोजी बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले. परंतु तोपर्यंत व्यापार रस्त्यावर गेला होता. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरल्यासुरल्या मालवाहतुकीला मोठा तडाखा बसला. वापर थांबला की देखभाल थांबते, आणि देखभाल थांबली की कालव्याचा उकिरडा होतो; हा क्रम औद्योगिक शहरांत सर्वत्र दिसला. ज्या पाण्यावरून नौका जात नाही ते पाणी लोकांच्या लेखी कोणाचेच नसते. जुने पलंग, सायकली, गाद्या, तारा आणि पुढच्या काळात दुकानांतल्या हातगाड्या कालव्यात विसावल्या.

या स्थितीविरुद्ध उभ्या राहिलेल्या चळवळीची सुरुवात एका पुस्तकापासून झाली. एल. टी. सी. रोल्ट यांनी ‘क्रेसी’ या नौकेतून केलेल्या प्रवासावर ‘नॅरो बोट’ हे पुस्तक लिहिले; ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून रॉबर्ट एकमन यांच्याशी परिचय होऊन १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. १९४७ मध्ये स्ट्रॅटफर्ड कालव्यावरील एक उचलता पूल नादुरुस्त असल्याने नौकांना वाट मिळत नव्हती. नौकानयनाचा कायदेशीर हक्क अबाधित आहे हे दाखवण्यासाठी रोल्ट यांनी तेथून जाण्याची रीतसर सूचना दिली आणि पूल उचलून ‘क्रेसी’ला वाट द्यावी लागली. या प्रसंगाचे मर्म असे की, कालव्याचे कायदेशीर अस्तित्व कागदावर कितीही स्पष्ट असले, तरी प्रत्यक्षात ते नौकेचा पंखा फिरू शकतो की नाही यावर अवलंबून होते.

पुढच्या टप्प्यावर चळवळ न्यायालयातून व सभागृहांतून चिखलात उतरली. १९६८ मध्ये मँचेस्टरजवळील ॲश्टन कालव्यावर सुमारे सहाशे स्वयंसेवकांनी शनिवार-रविवारच्या सुट्टीत सुमारे दोन हजार टन कचरा उपसला. १९७० मध्ये ग्रॅहम पामर यांच्या पुढाकाराने वॉटरवे रिकव्हरी ग्रुप स्थापन झाला. १९७२ मध्ये त्याच कालव्यावर सुमारे हजार लोक पुन्हा जमले आणि १९७४ मध्ये तो नौकांसाठी खुला झाला. कचरा काढणे हे काम, जे पूर्वी एकट्या नावाड्याच्या नशिबी होते, ते या काळात काही प्रमाणात सार्वजनिक कर्तव्य बनले. हा बदल मोलाचा होता. मात्र तो पूर्ण झाला असे म्हणता येत नाही.

प्लास्टिकचे युग

पंख्यात अडकणाऱ्या वस्तूंच्या इतिहासात १९३३ हे वर्ष अनपेक्षितपणे महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी २७ मार्च रोजी चेशर परगण्यातील नॉर्थविचनजीक विनिंग्टन येथील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसेट आणि रेजिनल्ड गिब्सन यांना एका फसलेल्या प्रयोगात मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. हाच पॉलिथिन होय. विनिंग्टन हे वीव्हर नदीच्या काठी आहे. १८७५ मध्ये त्या नदीला ट्रेंट अँड मर्सी कालव्याशी जोडणारे अँडर्टनचे नौका-उचल यंत्र तेथून अगदी जवळ उभे आहे. जगभरच्या नद्या-नाल्यांत तरंगणाऱ्या पिशवीचा मूळ पदार्थ कालव्याच्या शेजारी जन्मला, हा योगायोग बोलका आहे.

पॉलिथिनचा पहिला मोठा उपयोग युद्धकाळात रडारच्या तारांच्या आवरणासाठी झाला. १९६५ मध्ये स्वीडनमधील सेल्लोप्लास्ट कंपनीने एकसंध प्लास्टिक पिशवीचे पेटंट घेतले आणि पुढील दोन दशकांत ती घरोघर पोहोचली. सुती कापड वा तागाची दोरी पाण्यात कुजत असे; कालवा आपला कचरा काही अंशी आपणच पचवत असे. प्लास्टिकने ही क्षमता संपवली. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून मोठ्या दुकानांतील पिशवीवर पाच पेन्स शुल्क आकारले जाऊ लागले आणि २०२१ मध्ये ते दहा पेन्स झाले. महाराष्ट्रात २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर पातळ पिशव्यांचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २०१८ मध्ये व्यापक बंदी लागू झाली. एका ठिकाणी गटार तुंबले म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी पाणवाटा व किनारे विद्रूप झाले म्हणून, पण दोन्हीकडे समाज एकाच वस्तूशी सामना करीत होता.

इंग्लंडमधील शहरांत स्थायिक झालेल्या भारतीय समाजाचा एक संदर्भ येथे अपरिहार्यपणे येतो. लंडनच्या पश्चिम भागात किंवा लेस्टरच्या परिसरात पाण्यात नारळ तरंगताना दिसतात आणि पंख्यातून कधी साडीचे पातळ निघते, असा नौकाधारकांचा अनुभव आहे. वाहत्या पाण्यात निर्माल्य सोडण्याच्या श्रद्धेचा हा विस्तार आहे. कालव्याचे पाणी मात्र जवळजवळ वाहत नाही. जे सोडले ते तेथेच राहते. पण म्हणून एका समाजाकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. गालिचे, गाद्या, विजारी, मासेमारीची दोरी आणि खताची पोती यांना धर्म नसतो.

झडप, हात आणि जोखीम

मालवाहतूक संपून सहलीच्या व निवासाच्या नौका वाढल्या, तशी पंख्याच्या वर बसवलेली झडप सार्वत्रिक झाली. तिला ‘वीड हॅच’, शब्दशः तणाचे झाकण, असे म्हणतात. आता तिच्यातून तणापेक्षा अधिक कापड आणि प्लास्टिकच निघते; नाव मात्र जुन्या काळाची खूण म्हणून उरले आहे. नौकेच्या तळापासून पाण्याच्या पातळीच्या वरपर्यंत येणारी ही एक पोलादी पेटी असते. तिचे झाकण स्क्रूने आवळून बसवलेले असते. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, झाकण उघडावे, बाही वर सारून हात पाण्यात घालावा, ऐवज कोणत्या दिशेने गुंडाळला आहे हे चाचपावे आणि चाकू, करवत किंवा तार कापण्याच्या कात्रीने तो तुकड्यातुकड्याने सोडवावा, असा हा क्रम आहे.

या साध्या कामात दोन गंभीर जोखमी आहेत. पहिली झाकणाची. ते नीट न बसवता इंजिन सुरू केले, तर पंख्याने उसळलेले पाणी आत शिरते आणि नौका बुडू शकते. म्हणूनच झाकण बसवल्यावर पुन्हा एकदा तपासणे हा या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मानला जातो. दुसरी जोखीम रोगाची. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, हातावरच्या जखमेवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार मुंबईकरांना २००५ च्या महापुरानंतर चांगलाच परिचित झाला. त्याच्या तीव्र रूपाचे वर्णन ॲडॉल्फ वाइल या जर्मन वैद्याने १८८६ मध्ये केले. तारेने हात कापणे आणि दूषित पाणी, या दोन्ही गोष्टी झडपेत एकत्र येतात. हातमोजे, मलमपट्टी आणि साबण ही या कामाची खरी अवजारे आहेत.

इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत. २०२७ नंतरचे सरकारी अनुदान उत्तरोत्तर घटत जाईल असे २०२३ मध्ये जाहीर झाले. देखभालीवरचा खर्च घटला की त्याचा परिणाम प्रथम गाळ उपसण्यावर आणि कचरा हटवण्यावर होतो. तो भार शेवटी झडपेतून हात घालणाऱ्यापर्यंत झिरपतो. इतिहासाचे चक्र येथे पुन्हा आरंभबिंदूकडे वळण्याची शक्यता दिसते.

भारतीय संदर्भ

भारताच्या दृष्टीने हा विषय केवळ परदेशी कुतूहलाचा नाही. बंगालमध्ये जलपर्णीने नौकांची वाट आणि भातशेती दोन्ही अडवल्याने १९३६ मध्ये तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रात मुळा-मुठा, पंचगंगा आणि उजनीच्या पाणफुगवट्यात तीच वनस्पती दरवर्षी चर्चेचा विषय होते. कोकणातल्या यांत्रिक होडीच्या पंख्यात नायलॉनचे जाळे गुंतले की सुरी घेऊन पाण्यात उतरणारा खलाशी आणि मिडलँड्समधील नावाडी यांचे काम एकच आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमाने देशात १११ जलमार्ग घोषित झाले असून त्यांत अंबा नदी, दाभोळ खाडी-वाशिष्ठी आणि कल्याण-ठाणे-मुंबई हे महाराष्ट्रातील मार्गही आहेत. जलमार्ग घोषित करणे हा पहिला टप्पा होय. तो चालता ठेवणे हा त्याहून दीर्घ आणि खर्चिक टप्पा आहे, हे इंग्लंडच्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पंख्यात काय अडकते हे त्या त्या काळातील समाजाच्या उपभोगाचे प्रतिबिंब असते. तण, दोर, तार, कापड आणि प्लास्टिक हा क्रम आर्थिक इतिहासाचाच एक क्रम आहे. दुसरा, कचरा टाकणारा आणि तो काढणारा हे क्वचितच एक असतात. नावाडी कुटुंबांच्या काळात या श्रमाचे मूल्य शून्य धरले गेले, युद्धकाळात ते प्रथम लिहिले गेले आणि स्वयंसेवकांच्या काळात त्याला प्रतिष्ठा मिळाली. पण जबाबदारीची न्याय्य वाटणी अद्याप झालेली नाही. तिसरा, वापर आणि देखभाल परस्परावलंबी आहेत. ज्या पाण्यावरून नौका जातात ते पाणी काही प्रमाणात तरी स्वच्छ ठेवले जाते. ज्यावरून जात नाहीत ते उकिरडा होते.

तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहिला जातो. १८३६ ही पंख्याच्या पेटंटची तारीख सर्वांना ठाऊक असते. त्यानंतर प्रत्येक दिवशी कोणी ना कोणी थंड पाण्यात हात घालून तो पंखा मोकळा केला, म्हणून तो शोध उपयोगाचा राहिला. त्या हातांचा हिशेब मांडल्याखेरीज कालव्यांचा इतिहास पूर्ण होणार नाही.